ग्रंथालयातील लहान मूल : जबाबदारी कोणाची?

सार्वजनिक ग्रंथालय सर्वांचे आहे, असे आपण म्हणतो. या 'सर्वांत' लहान मुले येतात काय? येत असतील तर तेथे त्यांच्यावर लक्ष कोणी ठेवायचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

प्रथम स्वतःची चूक सांगतो. मुलगी सहा वर्षांची असताना मी तिला एका ग्रंथालयात घेऊन गेलो. तिला चित्रांचे पुस्तक दिले आणि मी वर्तमानपत्रात गढून गेलो. मान वर केली तेव्हा ती जागेवर नव्हती. फुगेवाल्यामागे ती थेट रस्त्यावर गेली होती. एका भल्या गृहस्थाने तिला हाताला धरून आत आणले. मी उलट ग्रंथपालांवरच रागावलो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, माझ्याकडे पुस्तकांची नोंद असते, मुलांची नाही." बँकेत आम्ही शंभर रुपयेसुद्धा सहीशिवाय कोणाच्या हाती देत नाही, मूल मात्र मी कोणाला न सांगता सोडून दिले होते.

पुढच्या आठवड्यात दारावर पाटी लागली : 'दहा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय प्रवेश नाही.' माझ्या मुलीचे काही अडले नाही, कारण तिच्याबरोबर मी होतो. परंतु रोज येणारी दोन भावंडे दिसेनाशी झाली. त्यांची आई चार घरची धुणीभांडी करते. तिने ग्रंथालयात येऊन केव्हा बसावे? चूक माझी झाली आणि दार त्यांचे बंद झाले. बंद दाराचा अर्थ आपल्या समाजाला समजावून सांगावा लागत नाही.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील दुसऱ्या सूत्राचा आशय असा की, कोणताही वाचक त्याच्या पुस्तकावाचून राहू नये. मूल हाही वाचकच आहे. तेव्हा देखरेख हवीच. पण ती प्रवेश नाकारून नव्हे. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(१) पालक : पाच वर्षांपर्यंतचे मूल हाताच्या अंतरावर असावे. सहा ते आठ वर्षांचे मूल त्याच खोलीत, नजरेसमोर असावे. त्याहून मोठ्या मुलास घरचा पत्ता, फोन क्रमांक व ग्रंथालय बंद होण्याची वेळ पाठ असावी. थोरल्या बहिणीला धाकट्याची राखणदार करू नये. तिचे वाचन बुडते.

(२) जागा : मुलांचे कपाट त्यांच्या उंचीचे, भिंतीला पक्के बसविलेले, दरवाजा व जिन्यापासून दूर आणि ग्रंथपालांच्या टेबलावरून दिसेल असे असावे.

(३) ग्रंथपाल : पुस्तक शोधून देणे हे त्यांचे काम, मूल सांभाळणे नव्हे. तरीही अनोळखी माणसाबरोबर मुलाला जाऊ देऊ नये. वेळ संपल्यावर मूल एकटे राहिल्यास पालकांना फोन करावा व दोन प्रौढांनी मिळून थांबावे. कोणीच न आल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे.

(४) संस्था : खरी उणीव येथे आहे. ज्या मुलांचे आईवडील कामावर असतात, त्यांच्यासाठी आपण उभे राहिले पाहिजे. सभासदांनी पाळ्या लावून, दोघादोघांनी मिळून, आठवड्यातून दोन तास मुलांच्या कोपऱ्यात बसावे. त्यांची नावे ग्रंथपालांना व पालकांना आधी कळवावीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांची वहीत नोंद करावी. निवृत्त मंडळी व महाविद्यालयीन विद्यार्थी हे काम सहज करू शकतील.

बाबासाहेबांनी राजगृह बांधले ते आपल्या ग्रंथसंग्रहासाठी जागा हवी म्हणून. त्यांचा वारसा सांगणाऱ्या आपण वस्तीतील मुलांसाठी आठवड्याचे दोन तास देऊ शकत नाही काय? त्या भावंडांच्या आईला सवड होण्याची वाट पाहत बसलो, तर मुलांचे वाचनाचे वय निघून जाईल. तिच्या जागी आपण बसावे, एवढीच सभासद बंधुभगिनींना नम्र विनंती.