पैसे आले, पण आपले झाले का?

पुण्याहून पौड ओलांडून ताम्हिणी घाटाकडे निघालं की मुळशी धरणाजवळ माले लागतं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या रस्त्यावर गाड्यांची रीघ असते. त्या गर्दीच्या भरवशावर घरातल्या खोल्या भाड्याने देणारे इथे बरेच आहेत, आणि प्रस्तुत लेखक त्यांतलाच एक. आंबेमोहोराचा भात घरचा, बुकिंग मात्र सगळं मोबाइलवर. या धंद्यात स्वयंपाकापेक्षा पैसे घेणं अवघड आहे, असं लेखकाचं स्पष्ट मत आहे.

यूपीआय २०१६ मध्ये आलं. १ जानेवारी २०२० पासून त्यावर व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे बँकेचं कमिशन, घेता येत नाही. फुकट आणि तत्काळ. छोट्या धंद्याला आणखी काय हवं? पण धो धो पावसात रेंज जाते. पाहुणा मोबाइल पुढे करून हिरवी खूण दाखवतो आणि इकडे बँकेचा मेसेज काही येत नाही. हुबेहूब तसाच पडदा दाखवणारी बनावट अ‍ॅप्सही आहेत. त्यामुळे लेखकाच्या घरी एक शिस्त आहे: खात्यात जमा दिसली की मगच खोलीची किल्ली. पाहुणे थोडे रागावतात, पण चहा दिला की थांबतात.

होमस्टेवाल्यांना हमखास येणारा फोन म्हणजे ‘फौजी’ साहेबांचा. चार खोल्या, आठ माणसं, घासाघीस अजिबात नाही. मग ‘आमच्या खात्याची पद्धत वेगळी आहे’ म्हणत एक क्यूआर कोड येतो: स्कॅन करा, पिन टाका, आगाऊ रक्कम तुमच्याकडे येईल. पैसे घ्यायला पिन लागतच नाही! पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसरीकडे पैसे मागण्याची ‘कलेक्ट’ सोय बंद झाली. ठगांची एक वाट बुजली, क्यूआरची मात्र उघडीच आहे.

कार्ड घ्यायचं तर पेमेंट गेटवे लागतो, आणि खरा हिशेब तिथे सुरू होतो. दर साधारण दोन टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. पाच हजारांच्या बुकिंगवर १०० आणि १८ मिळून ११८ रुपये कापले जातात. ४,८८२ हातात पडतात, तेही एक-दोन कामकाजाच्या दिवसांनी. म्हणजे शनिवारच्या पाहुण्याला जेवू घालायचं शनिवारी, पैसे मंगळवारी.

इथवर ठीक. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीला २४ तासांत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अशा वेळी प्रशासन पर्यटनस्थळांवर बंदी घालतं आणि बुकिंगं धडाधड रद्द होतात. पाहुण्याला पूर्ण पाच हजार परत द्यावे लागतात. गेटवे मात्र आपलं शुल्क बहुधा परत करत नाही. एका रद्द बुकिंगचे ११८ आपल्या खिशातून, दहांचे १,१८०. शिवाय पाहुण्याने बँकेकडे तक्रार केली तर ‘चार्जबॅक’ होऊन जमा झालेली रक्कमही काढून घेतली जाऊ शकते. म्हणून परताव्याची अट बुकिंगच्या मेसेजमध्येच, साध्या मराठीत, आकड्यांसह लिहावी: सरकारी बंदी आली तर किती परत, पाहुण्याने स्वतःहून रद्द केलं तर किती. पाहुण्याचं ‘मान्य’ असं उत्तर जपून ठेवावं. चार्जबॅकच्या वादात तोच पुरावा.

एक धोका कुणी सांगत नाही. पाहुण्याने दिलेले पैसे कुणाला तरी फसवून आलेले असतील, तर सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक आपल्या खात्यातली तेवढी रक्कम, प्रसंगी अख्खं खातं गोठवते. दोष नसतानाही कागद घेऊन हेलपाटे घालावे लागतात. उपाय दोनच: धंद्याचं खातं वेगळं ठेवा, घरखर्चाचं आणि पोरांच्या फीचं वेगळं, आणि प्रत्येक बुकिंगची पावती व पाहुण्याच्या ओळखपत्राची नोंद ठेवा. एकाच खात्यात सगळं ठेवणाऱ्याच्या घरी किराणाही अडतो.

फसवणूक झालीच तर लाजत बसू नका. त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला आणि लगोलग आपल्या बँकेला फोन करा. पैसा दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात पोहोचण्याआधी तक्रार नोंदली गेली, तर तो अडवला जाण्याची शक्यता जास्त असते.