सायकल आणि उष्मांकांचा हिशेब

अन्नाचे उष्मांक वर्गात तक्त्यावरून पाठ करून घेतले जातात. ते खर्च कसे होतात, हा भाग मात्र बहुधा राहून जातो. तो शिकविण्यास खेड्यातील शाळेत सायकलीइतके सोयीचे साधन नाही. ते भिंतीला टेकून उभेच असते!

मनुष्य स्वस्थ बसला असता दर किलोग्रॅम वजनामागे ताशी सुमारे १ उष्मांक (म्हणजे किलोकॅलरी) खर्च होतो. सपाट रस्त्यावर ताशी १६ ते १९ किलोमीटर वेगाने सायकल चालविताना हा खर्च सुमारे ६.८ पट होतो. ७० किलोग्रॅम वजनाच्या शिक्षकाने अर्धा तास सायकल चालविल्यास २३८ उष्मांक खर्च होतील. त्यांपैकी ३५ तो बसून राहिला असता तरी झालेच असते. निव्वळ खर्च २०३. सातवीच्या मुलांस हे गणित सहज करता येते.

पुढील पायरी अधिक बोधक आहे. १ किलोग्रॅम चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक साठलेले असतात. आहार तोच राहिला, तर किलोग्रॅमभर चरबी उतरण्यास ३८ दिवस लागतील; प्रत्यक्षात थोडे अधिकच, कारण वजन उतरते तसा खर्चही उतरतो. आता दुसरी बाजू पाहावी. एका कपात दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर घातली, तर तिचे ४० उष्मांक होतात. असे पाच कप अधिक घेणाऱ्याची अर्ध्या तासाची सारी कमाई साखरेतच बुडते. सायकल घेऊनही वजन हटत नाही, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे सापडते.

दुसरा गैरसमज अंतराविषयी आहे. पायी चालताना या शिक्षकाचे किलोमीटरमागे सुमारे ४९ उष्मांक खर्च होतात. सायकलीवर अवघे २७. चाकावर बसलेल्यास पावलागणिक आपला भार उचलावा लागत नाही. यास्तव किलोमीटर न मोजता मिनिटे मोजावीत, आणि उतारावर पाय थांबवून काढलेली मिनिटे त्यांत धरू नयेत. आठवड्यास १५० मिनिटे हे प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले किमान प्रमाण होय. हृदयविकार वा मधुमेह असणाऱ्यांनी आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा.

चढ चढून आलेला मुलगा घामाघूम का होतो, असे विचारल्यास ‘दमला म्हणून’ असे उत्तर येते. शिक्षकाने तेथे थांबू नये. बेनेडिक्ट व कॅथकार्ट या शास्त्रज्ञांनी एका जागी स्थिर बसविलेल्या सायकलीवर केलेल्या मोजण्या १९१३ साली प्रसिद्ध झाल्या. स्नायूंनी खर्चिलेल्या शक्तीचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पायटा फिरविण्यास लागतो, उरलेल्याची उष्णता होते. घाम ती बाहेर टाकतो.

हा पाठ घेताना मुलांची वजने फळ्यावर लिहू नयेत. स्थूल मुलाची थट्टा होते आणि कृश मुलगा खजील होतो. वाढत्या वयातील कृश मुलांना तर हा हिशेब उलटा मांडून दाखवावा. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर एखादी ४० किलोग्रॅम वजनाची मुलगी दररोज तासभर सावकाश ये-जा करीत असेल, तर तिला बसून राहणाऱ्या मुलीपेक्षा निदान १२० उष्मांक अधिक हवेत. तेवढे सुमारे ३५ ग्रॅम ज्वारीच्या पिठातून मिळतात. ती जादा भाकरी तिच्या ताटात पडते की नाही, हे शिक्षकाने पालकांच्या भेटीत अवश्य विचारावे.