भुईमुगातील बिनतारी पहारा

भुईमुगाच्या पानावर टिक्का रोगाचे ठिपके दिसू लागले की शेतकरी फवारणीच्या तयारीस लागतो. परंतु ठिपका दिसतो त्याच्या कित्येक दिवस आधी रोगाच्या बुरशीने पानात प्रवेश केलेला असतो. पान बराच वेळ ओले राहिले आणि हवा उबदार असली, तर बीजाणू रुजतो. हे पावसाने घडते, तसेच रात्रीच्या दवानेही घडते. द्राक्षावरील केवडा रोगाची गोष्ट फारशी वेगळी नाही. तेथेही पानावर पाण्याचा पातळ थर असल्यावाचून बुरशीला आत शिरता येत नाही.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. फवारणी केव्हा करावी आणि केव्हा टाळावी, याचे उत्तर पुष्कळ अंशी ‘पान किती तास ओले होते?’ या प्रश्नात दडलेले आहे. तथापि मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत पानाजवळ बसून कोणी नोंद ठेवू शकत नाही. हे काम यंत्राकडून करवून घेण्याचे प्रयत्न गेल्या दोन दशकांत हैदराबाद व नाशिक येथे झाले. त्यांतून मिळणारा धडा शेतकरी, शिक्षक व अधिकारी या सर्वांच्या उपयोगाचा आहे.

हैदराबाद आणि नाशिक येथील प्रयोग

मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. उदय देसाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅग्रीसेन्स’ नावाची बिनतारी संवेदकांची योजना तयार केली आणि ती नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यात उभारून पाहिली. संवेदक म्हणजे ज्याला आपण सेन्सर म्हणतो ते उपकरण होय. ते ताप, ओलावा, प्रकाश यांसारख्या गोष्टींतील फरक ओळखून त्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करते. पुढे प्रा. देसाई २००९ साली हैदराबादच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले व २०१९ पर्यंत त्या पदावर होते.

याच सुमारास भारत व जपान यांच्या सहकार्याने हैदराबादजवळील राजेंद्रनगर येथे भुईमुगाच्या शेतात असे जाळे उभारण्यात आले. हे शेत त्या वेळी आचार्य एन. जी. रंगा कृषी विद्यापीठाचे होते. राज्याच्या विभाजनानंतर, २०१४ साली, राजेंद्रनगरचे विद्यापीठ प्रा. जयशंकर यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ‘जिओसेन्स’ या नावाच्या या कामात अ‍ॅग्रीसेन्सचे संवेदक आणि ‘फील्ड सर्व्हर’ हे जपानी उपकरण अशी दोन्ही वापरली गेली. हवेचे व मातीचे तापमान, आर्द्रता, मातीतील ओल आणि पानाचा ओलेपणा यांच्या नोंदी एका बाजूस, तर पिकावरील फुलकिडे, टिक्का व शेंडेमर यांची निरीक्षणे दुसऱ्या बाजूस, असे ताडून पाहण्यात आले. फुलकिड्यांमार्फत पसरणाऱ्या शेंडेमर रोगाच्या बाबतीत तर कीड वाढण्यापूर्वीचे हवामान कळणे हेच खरे संरक्षण असते.

जाळ्याचे काम कसे चालते?

शेतात ठिकठिकाणी रोवलेल्या संवेदकांस दूरवर ओरडून सांगण्याची शक्ती नसते. म्हणून विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून घागरी हातोहात द्याव्यात, तसा निरोप एका संवेदकाकडून दुसऱ्याकडे जातो व शेवटी बांधावरील मुख्य केंद्रापाशी पोहोचतो. हे केंद्र मोबाईलच्या जाळ्यातून तो निरोप शहरातील संगणकाकडे धाडते.

यात पीकच आडवे येते. पानांत पाणी असते आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेते. पेरणीच्या वेळी ज्या अंतरावर निरोप सहज पोहोचतो, त्याच अंतरावर पीक दाटल्यानंतर तो तुटू लागतो. २.४ गिगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते, म्हणून त्यांना पानांचा अडथळा अधिक जाणवतो. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याविना वापरता येतो. त्यातील लहरी सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीच्या असल्याने दाट पिकातून त्या अधिक दूर जातात. संवेदक पिकाच्या उंचीपेक्षा वर बसविणे हा यावरील साधा उपाय होय. मात्र पानाचा ओलेपणा मोजणारी पट्टी पानांच्या उंचीवरच असली पाहिजे. म्हणून पट्टी खाली आणि रेडिओ वर, अशी रचना करावी लागते.

विजेचा हिशेब

शेतातील यंत्राचा खरा शत्रू म्हणजे विजेचा तुटवडा. एक सोपे गणित पाहू. घरातील घड्याळात बसतो तसा चांगला पेन्सिल सेल सुमारे २००० मिलिअँपिअर-तास इतकी वीज देतो. संवेदकातील छोटा रेडिओ चालू असताना सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. तो अखंड चालू ठेवला तर २००० भागिले २०, म्हणजे १०० तासांत, अवघ्या चार दिवसांत सेल संपेल.

आता तोच संवेदक दर १०० सेकंदांपैकी एकच सेकंद जागा ठेवला आणि उरलेले ९९ सेकंद झोपविला, तर सरासरी प्रवाह ०.२ मिलिअँपिअर होतो. झोपेतील किरकोळ खर्च वगळल्यास तोच सेल १०,००० तास, म्हणजे सुमारे साडेतेरा महिने पुरतो. खरीप व रब्बी असे दोन्ही हंगाम निघून जातात. यंत्र तेच आणि सेल तोच असूनही फरक पडला तो केवळ काटकसरीमुळे. पान ओले होण्याची क्रिया तासांच्या हिशेबाने चालते, त्यामुळे मधल्या ९९ सेकंदांत काही निसटून जाण्याचे भय नसते.

ऊर्जेचा सरवा

सुगीनंतर शेतात राहिलेली कणसे वेचून घेण्यास आपल्याकडे सरवा वेचणे म्हणतात. त्याचप्रमाणे सभोवती वाया जाणारी थोडीथोडी ऊर्जा वेचून यंत्र चालविण्याची विद्या आता बरीच पुढे गेली आहे. तिची मूळ तत्त्वे मात्र जुनी आहेत. दोन धातूंच्या सांध्यांत तापमानाचा फरक असेल तर वीज वाहते, हे सीबेक यांनी १८२१ साली दाखविले. काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज निर्माण होते, हे प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली शोधून काढले. स्वयंपाकघरात गॅस पेटविण्याच्या लायटरमधून बॅटरीवाचून ठिणगी पडते ती याच गुणामुळे. वाहनाच्या काचेवरील फास्टॅगमध्येही बॅटरी नसते. टोलनाक्यावरील यंत्राने सोडलेल्या रेडिओलहरींतूनच तो क्षणभर पुरेल इतकी ऊर्जा घेतो आणि आपला क्रमांक सांगतो.

शेतात मात्र सूर्य हाच सर्वांत मोठा दाता आहे. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट शक्ती पडते. पाच सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद सौरपट्टी घेतली आणि तिने त्यापैकी १५ टक्क्यांची वीज केली, तर सुमारे ०.३७ वॅट मिळते. वर सांगितलेल्या काटकसरी संवेदकास दिवसभरासाठी लागणारी वीज या पट्टीतून कडक उन्हात दोन-तीन मिनिटांत जमा होऊ शकते. ढगाळ दिवशी अर्धा तास लागला तरी त्याचे काही अडत नाही.

झडीच्या दिवसांतील अडचण

परंतु येथेच एक फसगत संभवते. संवेदक टिकला म्हणजे जाळे टिकले असे नव्हे. बांधावरील मुख्य केंद्राला सर्वांचे निरोप ऐकण्यासाठी जागे राहावे लागते व मोबाईलच्या मनोऱ्याशी बोलावे लागते. समजा, ते सरासरी दोन वॅट शक्ती घेते. दिवसाचा खर्च ४८ वॅट-तास झाला. २० वॅटच्या सौरपत्र्यातून स्वच्छ दिवशी पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतकी, म्हणजे १०० वॅट-तास वीज मिळते. ती पुरून उरते. मात्र पावसाची झड लागली आणि उत्पन्न एक-पंचमांशावर आले, तर केवळ २० वॅट-तास मिळतील. रोजची तूट २८ वॅट-तास होईल. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ८४ वॅट-तासांची शिल्लक. ती पूर्ण रिकामी केली तरी तीन दिवस पुरेल. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये हा नियम पाळला, तर दीड दिवसच पुरेल.

टिक्का आणि केवडा यांना पोषक हवामान हेच असते. रोगाचे हवामान आणि विजेच्या टंचाईचे हवामान एकाच वेळी येतात. पहारेकरी जागा राहतो, पण निरोप्या झोपी जातो. दूरध्वनीवर संदेश आला नाही म्हणून शेतकरी निश्चिंत राहिला, तर यंत्र नसते त्याहून अधिक हानी होऊ शकते. म्हणून अशा योजनेचे मोजमाप स्वच्छ उन्हातील कामगिरीवरून न करता सलग पाच-सहा दिवसांच्या झडीतील कामगिरीवरून करावयास हवे. केंद्रानेही अखंड जागे न राहता ठरावीक वेळी उठणे, बॅटरी मोठी ठेवणे आणि ‘केंद्र बंद आहे’ हा संदेश स्वतंत्रपणे मिळण्याची सोय करणे, हे उपाय त्यातून सुचतात.

छपाईतून संवेदक

पानाचा ओलेपणा मोजणारी पट्टी पाहिली तर तिच्यावर एकमेकांत गुंतलेल्या दोन फण्यांसारख्या रेषा दिसतात. त्या विद्युत्वाहक असतात. रेषांच्या मध्ये पाणी आले की पट्टीचे विद्युत् गुण बदलतात आणि पान ओले झाल्याची नोंद होते. अशा रेषा लग्नपत्रिका छापण्याच्या जाळीच्या छपाईसारख्याच पद्धतीने, चांदीची किंवा कार्बनची शाई वापरून प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर छापता येतात. मधुमेही रुग्ण रक्तातील साखर पाहण्यासाठी जी पट्टी वापरतात, तिच्यावरील कार्बनच्या रेषाही पुष्कळदा अशाच छापलेल्या असतात. वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या शोधाबद्दल हीगर, मॅकडायर्मिड व शिराकावा या शास्त्रज्ञांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर छापील ट्रान्झिस्टर व छापील सौरपट्टी यांच्या संशोधनास वेग आला.

तरीही छापील ट्रान्झिस्टर सिलिकॉनच्या तुलनेत मंद असतो. म्हणून आज संवेदक, तारा व अँटेना छापावयाच्या आणि विचार करणारा भाग सिलिकॉनचाच ठेवावयाचा, असा संकर केला जातो. चांदी महाग पडते, तांबे हवेत गंजते आणि कार्बनचा रोध अधिक असतो. ऊन, पाऊस व घडी यांनी छापील रेषांना तडे जातात, हेही विसरून चालणार नाही.

स्वस्त वस्तू सहज टाकली जाते. संवेदक व सेल हंगामानंतर मातीत राहिले तर जमिनीत धातू मिसळतात. पुणे, हैदराबाद व त्रिशूर येथे प्रयोगशाळा असलेल्या ‘सी-मेट’ या केंद्र सरकारच्या संस्थेने हैदराबाद येथे इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातून धातू परत मिळविण्याच्या कामावर भर दिला आहे. या कामाची जोड नसेल तर स्वस्त संवेदक पुढे महाग पडतील.

मंडळाचे केंद्र आणि आपले शिवार

महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पाखाली २०१७ च्या सुमारास महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. हवामानावर आधारित फळपीक विम्याची भरपाई अशा केंद्रांच्या नोंदींवरून ठरते. पण एका मंडळात अनेक गावे असतात. एका शिवारात पाऊस पडावा व ओढ्यापलीकडे जमीन कोरडी राहावी, हा अनुभव सर्वांना आहे. मंडळाच्या केंद्रास गावाच्या शिवारातील स्वस्त संवेदकांची जोड मिळाली, तर हा फरक निदान दिसू लागेल. संवेदकाच्या नोंदीला विम्यात मान्यता देणे हा मात्र नियमांचा प्रश्न आहे. त्यासाठी उपकरणाची वेळोवेळी तपासणी व नोंदींची खात्री आवश्यक ठरते.

ज्या गावात असे जाळे बसविण्याचा प्रस्ताव येईल, तेथील ग्रामसभेने पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात :

१. सलग सहा दिवस ऊन नसेल तर मुख्य केंद्र चालेल काय?
२. यंत्र बंद पडल्याचे कोणाला व किती वेळात कळेल?
३. सौरपट्टीवरील धूळ व पक्ष्यांची घाण पुसण्याचे काम कोणाकडे राहील?
४. सल्ला मराठीत व फवारणीच्या वेळेपूर्वी मिळेल काय?
५. नोंदी कोणाच्या मालकीच्या राहतील आणि शेतकऱ्यास त्या पाहता येतील काय?
६. निकामी सेल व संवेदक परत कोण नेईल?

शाळेत करण्याजोगा प्रयोग

छापील परिपथाचे तत्त्व शिक्षकांना वर्गात सहज दाखविता येईल. मऊ व गडद शिशाच्या पेन्सिलीने कागदावर दोन जाड पट्टे अनेकदा गिरवून काढावेत. त्यांची लांबी तीन-चार सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. एका पट्ट्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत लहान एलईडी दिव्याचे पाय टेकवावेत व उरलेल्या दोन टोकांना ९ व्होल्टची बॅटरी जोडावी. दिवा न लागल्यास त्याचे पाय उलट करून पाहावेत. पट्टा लांब केला की प्रकाश मंद होतो. शाईचा रोध म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांस त्यावरून कळते. घरातील विजेच्या जोडणीवर हा प्रयोग कदापि करू नये.

पानावरच्या दवाची दखल घेणारी छापील पट्टी, उन्हाचा सरवा वेचणारा संवेदक आणि हातोहात निरोप पोहोचविणारे जाळे ही तिन्ही साधने आता आवाक्यात येत आहेत. मात्र निरोप झडीच्या रात्रीही शेतकऱ्यापर्यंत पोहोचला आणि त्यामुळे एक अनावश्यक फवारणी वाचली किंवा एक आवश्यक फवारणी वेळेवर झाली, तरच त्यांवरील खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.