पंप सुरू करताच एमसीबी का पडतो?

प्रश्न : विहीर मीटरपासून 200 मीटर लांब. 5 एचपी थ्री फेज मोनोब्लॉक, 2.5 चौरस मिमी तांब्याची केबल, 10 अँपिअरचा ‘बी’ टाइप एमसीबी. बटण दाबलं की एमसीबी पडतो. वायरमन म्हणतो, 32 चा टाका. टाकू का?

उत्तर : मुळीच टाकू नका. एमसीबी मोटारीसाठी नसतो, तारेसाठी असतो. ही केबल साधारण 20 अँपिअर झेपवते. 32 चा एमसीबी पडायच्या आधीच तिचं इन्सुलेशन वितळायला लागेल.

तुमची मोटार चालताना साडेसात अँपिअरच्या आसपास घेते, पण थेट सुरू होताना सहापट, म्हणजे 45. ‘बी’ टाइप रेटिंगच्या तीन ते पाचपटीला तत्काळ पडतो, तुमचा 30 ते 50 ला. तो बिचारा आपलं काम चोख करतोय! त्याजागी 16 अँपिअरचा ‘सी’ टाइप, तीन पोलचा बसवा. तो 80 च्या आत झटक्यात पडत नाही.

मोटार जपायचं काम स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचं. डीओएल स्टार्टर असेल तर रिलेची खुंटी मोटारीच्या पट्टीवर छापलेल्या अँपिअरवर ठेवा. पुष्कळ शेतांवर ती शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलेली सापडते, मग मोटार जळते आणि दोष व्होल्टेजला.

केबलचं म्हणाल तर एवढ्या अंतरात 2.5 मध्ये सुमारे 19 व्होल्ट गळतात, 4 चौरस मिमीमध्ये 12. संध्याकाळी व्होल्टेज उतरत असेल तर 4 चीच घाला. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आणि अर्थिंगही त्याच फेरीत तपासून घ्या.