घरच्या फळवड्या : खाऊ आणि औषध यांतील अंतर

पालकभेटीच्या एका रविवारी आमच्या वसतिगृहातील एका लहान मुलीने आईने दिलेली रंगीत गोळ्यांची बाटली संध्याकाळच्या आत मैत्रिणींसह अर्धी संपविली. त्या गोळ्या खाऊच्या नव्हत्या, जीवनसत्त्वांच्या होत्या. सुदैवाने कोणासही त्रास झाला नाही. तरी ती रात्र आम्ही जागून काढली. दुसऱ्या दिवशी आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “पोरगी नीट जेवत नाही, म्हणून आणली.” या उत्तरातील काळजी खरी होती. म्हणूनच या विषयाचा थोडा अभ्यास करून तो पालक व माजी विद्यार्थ्यांसमोर मांडावा, असे आम्हांस वाटले.

महाराष्ट्रातील बालकांमध्ये रक्तक्षय फार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालील दोन-तृतीयांशांहून अधिक बालकांत तो आढळला. आपल्या बाजरीत व मेथीत लोह असते. परंतु वनस्पतीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्यास ‘क’ जीवनसत्त्वाची जोड लागते, आणि ते तर आपल्या दाराशीच पिकते. दौलताबादच्या रस्त्यावर टोपल्यांतून विकल्या जाणाऱ्या पेरूच्या १०० ग्रॅम गरात सुमारे २०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. शाळकरी मुलाची रोजची गरज ५० मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे जेवणासोबत पेरूची एक फोडही पुष्कळ काम करते.

मग वड्या कशासाठी? मुलांना मऊ, रंगीत, तोंडात घोळवावी अशी वस्तू आवडते, आणि हा हट्ट गैर नाही. बाजारच्या अशा खाऊत मुख्यतः साखर, रंग व वास असतो. काही गोळ्या जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघणाऱ्या जिलेटिनने घट्ट केलेल्या असतात. शाकाहार पाळणाऱ्यांनी वेष्टनावरील खूण पाहूनच त्या घ्याव्यात. घरी मात्र समुद्रशेवाळापासून मिळणारे चायना ग्रास वापरता येते. ते शीतकपाटाविनाही घट्ट होते, ही वसतिगृहाच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

साहित्य : पिकलेल्या मऊ पेरूंचा बिया गाळलेला गर २ वाट्या, पाणी १ वाटी, गूळ ४ मोठे चमचे, चायना ग्रासची भुकटी ४ छोटे चमचे, अर्ध्या लिंबाचा रस.

कृती : भुकटी पाण्यात पाच मिनिटे भिजवावी. नंतर त्यात गूळ घालून मिश्रण ढवळत दोन-तीन मिनिटे चांगले उकळावे. भुकटी पूर्ण विरघळली नाही, तर वड्या धरत नाहीत. भांडे खाली उतरवून त्यात किंचित कोमट केलेला गर व लिंबाचा रस लगोलग मिसळावा आणि मिश्रण ताटात ओतावे. तासाभरात वड्या कापता येतात.

गर उकळू नये, यामागे कारण आहे. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, आणि लिंबासारख्या आंबट रसासह उकळल्यास चायना ग्रासची घट्ट होण्याची शक्तीही कमी होते. गर अगदी थंड असेल, तर मिश्रण ढवळता ढवळताच गोठते व गुठळ्या होतात. म्हणून तो कोमट हवा. ही वडी बाजारच्या गोळीसारखी ताणली जात नाही, दाताखाली चटकन तुटते. हे मुलांना आधीच सांगावे. पेरूऐवजी काळी द्राक्षे किंवा जांभळेही चालतात. सीताफळ मात्र तापवल्यास कडवटते. ते ताजेच खावे.

काही दक्षता आवश्यक आहेत. चार वर्षांखालील मुलांना अशा वड्या देऊ नयेत; त्या घशात अडकू शकतात. गूळही साखरच आहे. म्हणून दोन वड्या जेवणानंतर द्याव्यात व चूळ भरण्यास सांगावे. टिकविणारे द्रव्य नसल्याने वड्या थंड जागी ठेवून दोन दिवसांत संपवाव्यात. मूल फिकट दिसत असेल किंवा लवकर थकत असेल, तर वड्यांवर विसंबू नये. रक्त तपासून घ्यावे. औषधी गोळ्या वैद्यांच्या सल्ल्यानेच द्याव्यात व कुलुपात ठेवाव्यात. विशेषतः लोहाच्या गोळ्या अधिक प्रमाणात गेल्यास लहान मुलाच्या जिवावर बेततात.

आमच्या स्वयंपाकघरात ज्या दिवशी वड्या होतात, त्या दिवशी पेरू धुण्यास व गर गाळण्यास मुलेच येतात. गाळताना निम्मा पेरू तोंडातच जातो, आणि आम्ही त्यांना अडवीत नाही. पालकांना आमची एकच विनंती आहे : पुढच्या भेटीस येताना बाटली आणू नका, वाटेवरचे किलोभर पेरू आणा. वड्या आपण मुलांसोबत येथेच करू.