लहान व्यवसाय आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

प्रस्तावना

किराणा दुकान, शिवणकाम, खानावळ, सायकलदुरुस्ती, घरगुती फराळाची विक्री असे लहान व्यवसाय आपल्या देशातील असंख्य कुटुंबांचा आधार आहेत. अशा व्यवसायात खरेदी करणे, माल तयार करणे, विकणे, हिशेब लिहिणे आणि ग्राहकांच्या शंकांना उत्तरे देणे ही सारी कामे बहुधा एकाच व्यक्तीला करावी लागतात. मोठी कंपनी प्रत्येक कामासाठी स्वतंत्र माणसे नेमू शकते. लहान व्यावसायिकाला ते परवडत नाही. यांपैकी काही कामांत आता स्मार्टफोनवर उपलब्ध असलेली कृत्रिम बुद्धिमत्ता साहाय्य करू शकते. ते साहाय्य कसे घ्यावे आणि ते घेताना कोणती गोष्ट आपल्याच हाती ठेवावी, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही –
• कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्वरूप सोप्या शब्दांत सांगू शकाल;
• लहान व्यवसायातील तिचे उपयोग उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल;
• यंत्राचे उत्तर तपासून घेण्याची आवश्यकता पटवून देऊ शकाल.

१. कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय?

साधे गणकयंत्र ठरलेल्या नियमाने उत्तर काढते. १२ गुणिले ८ म्हणजे ९६, हे उत्तर कधी बदलत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची रीत निराळी आहे. तिला पुष्कळ उदाहरणे पुरवली जातात. त्यांतील साम्य हेरून ती नव्या प्रश्नाच्या उत्तराचा अंदाज बांधते. असंख्य हस्ताक्षरांचे नमुने अभ्यासलेले यंत्र अनोळखी हस्ताक्षरही बहुधा वाचू शकते. येथे ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. यंत्राचे उत्तर हा अंदाज असतो. तो बरोबर असू शकतो, तसाच चुकीचाही असू शकतो. शिवाय चुकीचे उत्तरही ते तितक्याच ठाम भाषेत देते.

ही विद्याशाखा अगदी नवी नाही. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात १९५६ साली भरलेल्या कार्यशाळेपासून तिला हे नाव रूढ झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ लोकांसमोर आले आणि संगणकाचे विशेष शिक्षण नसलेल्या माणसालाही आपल्या नेहमीच्या भाषेत यंत्राला प्रश्न विचारता येऊ लागले.

२. मागणीचा अंदाज

समजा, इंदूरमधील एक मराठी गृहिणी दिवाळीचा फराळ तयार करून विकते. तिने मागील तीन वर्षांच्या विक्रीची वही ठेवली आहे. चकलीची विक्री पहिल्या वर्षी ४० किलो, दुसऱ्या वर्षी ४८ किलो आणि तिसऱ्या वर्षी ५६ किलो झाली. हे आकडे पुरवल्यास, यंदा सुमारे ६४ किलो चकली लागेल असा अंदाज यंत्र देईल. दरवर्षी ८ किलोंची वाढ होत असल्यामुळे हा अंदाज तर्काला धरून आहे.

परंतु दरवर्षी १५ किलो चकली घेणारे एक कार्यालय यंदा दुसऱ्या शहरी गेले आहे. ही गोष्ट वहीत नाही. ती केवळ त्या गृहिणीला ठाऊक आहे. तिने ती यंत्राला सांगितली, तर अंदाज ४९ किलोंच्या आसपास येईल. सांगितली नाही, तर १५ किलो चकली पडून राहील आणि भाजणी, तेल व गॅस यांवरील खर्च वाया जाईल.

यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. ज्याच्याजवळ वही नाही, त्याच्या व्यवसायाचा असा अंदाज यंत्रही नीट बांधू शकत नाही. आणि वही असली, तरी आपल्या ग्राहकांची आपल्याला असलेली ओळख वहीपेक्षा अधिक सांगते.

३. भाषा, हिशेब आणि जाहिरात

याच गृहिणीला हैदराबादहून तेलुगू भाषेत मागणी आली, तर यंत्र तिचे मराठी भाषांतर करून देते व उत्तरही तेलुगूत तयार करते. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेला ‘भाषिणी’ हा उपक्रम भारतीय भाषांमधील अशाच भाषांतरासाठी आहे. ज्यांना लिहिणे अवघड वाटते, त्यांनी बोललेला मजकूरही फोन अक्षरांत उतरवतो. छापील बिलाचे छायाचित्र काढल्यास त्यातील आकडे वाचून खर्चाची यादी तयार होते. मात्र ३ चा ८ वाचला जाण्याचा संभव असल्याने बेरीज मूळ बिलाशी पडताळून पाहावी.

जाहिरातीच्या बाबतीत अधिक सावध राहावे. आकर्षक मजकूर मागितला असता ‘ही चकली मधुमेही व्यक्तींना हितकारक आहे’ असे वाक्यही यंत्र लिहून देऊ शकते. या दाव्याला आधार नसेल, तर तो ग्राहकाची दिशाभूल करतो. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये खाद्यपदार्थाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो दंड यंत्राला होत नाही.

४. जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न कॅनडात प्रत्यक्ष उपस्थित झाला. २०२२ मध्ये आजीच्या निधनामुळे प्रवास करणाऱ्या एका ग्राहकाने ‘एअर कॅनडा’ या विमान कंपनीच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राला सवलतीविषयी विचारले. तिकीट काढल्यानंतरही ९० दिवसांच्या आत सवलत मागता येईल, असे उत्तर त्याला मिळाले. कंपनीचा नियम तसा नव्हता. म्हणून तिने पैसे नाकारले. संवादयंत्र आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, अशा अर्थाची बाजू कंपनीने मांडली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ती फेटाळली आणि ग्राहकाला भरपाई देण्याचा आदेश दिला.

मोठी कंपनी अशी भरपाई सहज सोसते. लहान दुकानाचा आधार मात्र ओळखीच्या ग्राहकांचा विश्वास हाच असतो. तो एकदा ढळला, की पुन्हा मिळवणे कठीण. म्हणून किंमत, मुदत, वजन आणि घटकपदार्थ यांविषयीचे प्रत्येक उत्तर पाठवण्यापूर्वी स्वतः वाचावे. तसेच ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक, आधार क्रमांक किंवा बँकेचा तपशील यंत्राला पुरवू नये. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा कायदा अशाच माहितीच्या रक्षणासाठी आहे.

हुशार मदतनिसाला आपण काम सांगतो, पण गल्ल्याची किल्ली आपल्याजवळ ठेवतो. यंत्राच्या बाबतीतही हेच धोरण हिताचे आहे.

शब्दार्थ

साहाय्य – मदत
हेरणे – बारकाईने ओळखणे
पडताळणे – ताडून खात्री करणे
न्यायाधिकरण – विशिष्ट प्रकारच्या तंट्यांचा निवाडा करणारी संस्था

तुम्ही काय शिकलात?

• कृत्रिम बुद्धिमत्ता उदाहरणांवरून अंदाज बांधते.
• नियमित नोंदी आणि स्वतःचा अनुभव यांची जोड मिळाली, तरच तो अंदाज उपयोगी पडतो.
• यंत्राने दिलेल्या उत्तराची जबाबदारी ते वापरणाऱ्यावरच राहते.

स्वाध्याय

१. गणकयंत्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांच्या कार्यपद्धतीतील फरक तीन-चार वाक्यांत लिहा.
२. ‘१५ किलो चकली’च्या उदाहरणातून लेखकाला काय सुचवायचे आहे?
३. न्यायाधिकरणाचा निर्णय तुम्हांला योग्य वाटतो का? सकारण लिहा.
४. उपक्रम : तुमच्या परिसरातील एखाद्या दुकानदाराच्या संमतीने कोणत्याही एका वस्तूच्या विक्रीची सात दिवस नोंद ठेवा. आठव्या दिवसाच्या विक्रीचा अंदाज प्रथम स्वतः करा, नंतर दुकानदाराला विचारा आणि प्रत्यक्ष विक्रीशी दोन्ही अंदाज ताडून पाहा.