आमच्या पेटीतील मासे कसे ओळखावेत



आमच्या चौथीच्या वर्गात खिडकीपाशी काचेची पेटी आहे. तिच्यात मासे आहेत. या भित्तिपत्रकासाठी माशांवरचा लेख तूच लिही, असे गुरुजींनी मला सांगितले. मलाच का सांगितले ते पुढे वाचल्यावर कळेल.

आमचे गाव उजनी धरणाच्या पाण्याच्या कडेला आहे. भीमा नदीवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. आमचे जुने गाव त्या पाण्याखाली गेले. माझे आबा मासे धरतात, त्यामुळे मला वाटायचे की माशांतले मला सगळे कळते. पण जाळ्यातला मासा ओळखणे वेगळे आणि पेटीत ठेवायचा मासा ओळखणे वेगळे.

आधी पेटी मोजली पाहिजे. आमची पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. खाली धुतलेली वाळू आहे आणि वर चार-पाच बोटे जागा मोकळी ठेवतो. पाच लिटरच्या कॅनने पाणी ओतले तर आठ कॅन बसले. आठ पंचे चाळीस, म्हणजे ४० लिटर. बोटाच्या दोन पेरांएवढ्या माशाला निदान चार लिटर पाणी हवे, असे गुरुजींनी सांगितले. मग हिशेब सोपा आहे. आमच्या पेटीत दहा मासे. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "एवढी मोठी पेटी आणि दहाच मासे?" पण मासे त्याच पाण्यात खातात आणि त्याच पाण्यात शी करतात. गर्दी झाली की पाणी नासते.

नळाचे पाणी तसेच ओतायचे नाही. त्यात ब्लीचिंग पावडर असते. ते आपल्याला चांगले, पण माशांना नाही. म्हणून आम्ही पाणी बादलीत एक दिवस उघडे ठेवतो.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आशाताईंनी आरोग्य केंद्राच्या हौदातून आम्हाला दहा गप्पी मासे आणून दिले. तीन नर आणि सात माद्या. गप्पी डासांच्या अळ्या खातात, म्हणून ते पाळतात. ते गप्पा मारतात म्हणून त्यांना गप्पी म्हणत असतील, असे मला वाटायचे. पण गुरुजींनी खरे कारण सांगितले. गप्पी नावाचे एक साहेब होते. त्यांनी त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनच्या संग्रहालयात पाठवले आणि १८६६ साली माशाला त्यांचे नाव पडले. म्हणजे हा मासा आपल्याकडचा नाही, फार लांबचा पाहुणा आहे.

गप्पी ओळखायचा कसा? वरून बघून कोणताच मासा ओळखू येत नाही. वरून सगळे राखाडी काडीसारखे दिसतात. मासा स्वच्छ काचेच्या बरणीत पाण्यासकट घ्यावा आणि बाजूने बघावा. गप्पीचा नर लहान असतो, पण त्याची शेपटी मोठी आणि अंगावर लाल, निळे, काळे ठिपके असतात. मादी त्याच्याहून मोठी, फिकट आणि पोट फुगलेली असते. पोटाच्या मागच्या टोकाला एक काळसर डाग दिसतो. गप्पी अंडी घालत नाही, एकदम पिल्लेच देते. साधारण महिन्याने एकदा. मी स्वतः बघितले आहे. पिल्लू बाहेर येते आणि लगेच पोहते! पण लपायला शेवाळ नसेल तर आईच त्याला खाते. हे बघून आमच्या वर्गातल्या दोन मुली रडल्या होत्या.

गप्पीसारखाच दुसरा एक मासा असतो, गांबुसिया. तोही अळ्या खातो. तो १९२८ साली इटलीतून आपल्या देशात आणला. दोघांच्या माद्या शेजारी ठेवल्या तर मोठी माणसेही चुकतात. गांबुसियाच्या शेपटीवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात. पण सगळ्यात सोपी खूण नराची. गांबुसियाचा नरसुद्धा राखाडीच असतो. म्हणून दहा-वीस मासे घेतले आणि त्यांत एकही रंगीत नर दिसला नाही, तर शंका घ्यावी. गांबुसिया दुसऱ्या माशांचे पर कुरतडतो. त्याला पेटीत गप्पीबरोबर ठेवू नये.

आता माझी गोष्ट सांगते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझी चुलत बहीण पाण्याच्या कडेला गेलो होतो. तिथे गवतात पाणी शिरले होते. पाण्यावर लाल काहीतरी हलताना दिसले. जवळ जाऊन पाहिले तर नखाएवढी लाल-केशरी पिल्ले! शंभर तरी असतील. सगळी एकदम वर यायची, तोंड उघडायची आणि एकदम खाली जायची. इतकी सुंदर पिल्ले मी कधी पाहिली नव्हती. मी ओढणी पाण्यात घातली. तेवढ्यात खालून काळा मोठा मासा उसळला आणि पाणी माझ्या तोंडावर उडाले. आम्ही घाबरून पळालो, पण ओढणीत चौदा पिल्ले आली होती.

दुसऱ्या दिवशी ती मी वर्गातल्या पेटीत सोडली. दहाच मासे ठेवायचे हा हिशेब मी विसरले. खरे सांगायचे तर विसरले नव्हते, पिल्ले लहान आहेत म्हणून चालेल असे वाटले. सगळी मुले पेटीभोवती जमली. पहिलीची मुलेसुद्धा मधल्या सुट्टीत बघायला आली. गप्पी कोणी बघेना. मला फार ऐट वाटली.

दर शनिवारी आम्ही गप्पी मोजून फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिहितो. १९ जुलैपर्यंत दहा होते. २६ जुलैला आठ. २ ऑगस्टला सहा. ९ ऑगस्टला तीनच. रंगीत नर एकही उरला नाही. मेलेला मासा कुठे तरंगतानाही दिसला नाही.

आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या घरी जनावरांच्या पाण्याचा हौद आहे. त्यात अळ्या झाल्या होत्या, म्हणून त्याने गुरुजींकडे गप्पी मागितले होते. पिल्ले वाढली की देऊ, असे गुरुजी म्हणाले होते. मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले, "तूच नेलेस मासे." तो म्हणाला, "आईशप्पथ, नाही नेले." मी म्हणाले, "मग कुठे गेले? उडाले का?" सगळे हसले. त्या दिवसापासून तो खिडकीपाशी यायचाच बंद झाला. त्याचे नाव मी लिहीत नाही. नाव घालू नको, असे त्यानेच सांगितले आहे.

लाल पिल्ले तोवर लाल राहिली नव्हती. ती तपकिरी झाली होती आणि करंगळीएवढी वाढली होती. चौदाची सहाच उरली होती. हेही मी फळ्यावर लिहिले नव्हते. एक पिल्लू तर सकाळी पेटीखाली फरशीवर पडलेले सापडले होते.

१५ ऑगस्टला झेंडावंदनाला पालक आले. आबाही आले होते. मी त्यांना हौसेने पेटी दाखवली. त्यांनी वाकून बघितले आणि म्हणाले, "आगं पोरी, ही तर मरळीची पिल्लं! गप्प्यांच्या घरात वाघ आणून ठिवला व्हय?"

मी म्हणाले, "पण ती लाल होती."

आबा म्हणाले, "मरळीची पिल्लं ल्हानपणी लालच असत्यात. मोठी झाल्यावर काळी. आणि तुझ्यावर उसाळला तो मासा त्यांचा आई नायतर बाप हुता. मरळ आपली पिल्लं राखती."

मग त्यांनी मरळीच्या खुणा सांगितल्या. डोके सापासारखे चपटे. तोंड डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटलेले. पाठीवरचा पर डोक्याच्या मागून सुरू होतो तो थेट शेपटीजवळ संपतो. आणि हवा घ्यायला ती सारखी वर येते. पिल्ले गवतात एकदम वर येत होती ती त्यासाठीच. मरळ उडीही मारते. ओल असेल तर पाण्याबाहेरही बराच वेळ जगते. ती लहान मासे, बेडकाची पिल्ले खाते आणि भूक लागली तर आपली भावंडेसुद्धा. चौदाची सहा कशी झाली ते मला तेव्हा कळले. मोठी मरळ हातभर होते. ४० लिटरच्या पेटीत ती मावणारच नाही.

मी त्या मुलाला शोधले. तो झेंड्याजवळ पेढा खात उभा होता. मी म्हणाले, "मासे मरळीने खाल्ले. तू नेले नव्हतेस." तो म्हणाला, "मी सांगितलंच होतं." मग गुरुजींनी मला हेच सगळ्या वर्गासमोर सांगायला लावले. मला फार लाज वाटली, पण वर्गासमोर आरोप केला होता तर वर्गासमोरच सांगायला हवे, हे गुरुजींचे म्हणणे बरोबर होते.

मरळीची सहा पिल्ले आबांनी आणि मी जिथून आणली तिथेच सोडली. ती तिथलीच आहेत. गप्पींचे तसे नाही. गप्पी जास्त झाले तरी ते धरणात, नदीत किंवा ओढ्यात सोडायचे नाहीत. बाहेरचा मासा तिथल्या माशांचे खाणे आणि पिल्ले खातो. गप्पी घराच्या हौदातच ठेवायचे. चिलापी याचे उदाहरण आहे. तो १९५२ साली बाहेरून भारतात आणला आणि आता आबांच्या जाळ्यात तोच जास्त येतो.

चिलापीचे पिल्लूही पेटीत आणू नये. ते गोंडस दिसते. त्याच्या पाठीवरच्या परावर मागच्या बाजूला एक काळा ठिपका असतो, ती खूण. मोठे झाले की ते जागेसाठी भांडते. मिश्या असलेली शिंगी तर हातातही धरू नये, तिचा काटा विषारी असतो. कटला आणि रोहू फार वाढतात. बाजारात मिळणारा गोल्डफिश पुष्कळांना आवडतो, पण तोही वीतभर होतो आणि पाणी लवकर घाण करतो. गोल बरणीत तर त्याला ठेवूच नये.

म्हणून आता आमच्या वर्गात कोणी नवा मासा आणला तर तो आधी आठ दिवस वेगळ्या बरणीत राहतो. आम्ही त्याचे तोंड, शेपटी, पाठीवरचा पर बघतो आणि वहीत चित्र काढतो. मग आबांना किंवा गुरुजींना विचारतो की हा मोठा झाल्यावर केवढा होतो आणि काय खातो. रंग शेवटी बघतो. खाली मी गप्पी, गांबुसिया आणि मरळीचे पिल्लू यांची चित्रे काढली आहेत. मरळीचे डोके नीट जमले नाही, ते आणखी चपटे समजावे.

खायला चिमूटभरच घालायचे, दोन मिनिटांत संपेल एवढे. भात घालू नये. आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचे. सगळे एकदम बदलायचे नाही, कारण वाळूत राहणारे सूक्ष्म जीव घाण कमी करतात, आणि सगळे धुतले तर तेही जातात.

आशाताईंनी सप्टेंबरमध्ये पुन्हा तीन नर दिले. माद्यांनी पिल्ले दिली. या वेळी शेवाळ भरपूर होते, त्यामुळे पुष्कळ वाचली. पेटीत दहा ठेवून बाकीची पहिल्यांदा त्या मुलाच्या हौदात गेली. दर शनिवारी मासे मोजून फळ्यावर आकडा लिहायचे काम आता त्याच्याकडे आहे. तो दोनदा मोजतो.